गॅदरिंग दुपारी घ्या, आणि प्रत्येक मुलाला स्टेजवर येऊ द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या खान्देशातल्या शाळांमधे गॅदरिंगची गडबड सुरू होते आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ड्रेसच्या पैशांचे मेसेज यायला लागतात, म्हणून हे पत्र आत्ताच लिहितेय. माझी मुलगी भुसावळ भागातल्या एका कॅथलिक प्रायमरी शाळेत तिसरीला आहे. आम्ही ख्रिश्चन नाही, तिच्या वर्गातली बहुतेक मुलं पण नाहीत. पण डिसेंबरमधे वर्ष संपवायची या शाळेची जी पद्धत आहे ती मला मनापासून आवडते आणि बाकीच्या शाळांनीही ती घ्यावी असं फार वाटतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे सिलेक्शन नसतं. पहिली ते चौथीचं प्रत्येक मूल स्टेजवर येतं. नाताळच्या नाटकाचं एक बरं आहे, त्यात कितीही मुलं मावतात, मेंढपाळ वीस करा नाहीतर चाळीस करा, देवदूत करा, मेंढ्या करा, चांदणी धरून उभं राहायलाही कोणीतरी लागतंच. आणि ड्रेस भाड्याने आणायचा नाही असं सिस्टरांनी मीटिंगमधे स्पष्टच सांगितलेलं असतं. बाबांचा टॉवेल डोक्याला बांधला की मेंढपाळ झाला, आईची ओढणी घेतली की मरिया झाली, तीन राजांचे मुकुट पुठ्ठ्याचे. मागच्या वर्षी टीचरांनी मेंढपाळांना घरच्या बोलीत बोलू दिलं, कोणी अहिराणीत बोललं, कोणी लेवा बोलीत, "चाल रे भाऊ, बाळाले पाहाले जाऊ" असं एक पोरगं जोरात म्हणालं तेव्हा मागे बसलेल्या आज्यांनी केवढ्या टाळ्या वाजवल्या! एरवी इंग्लिश मिडियमच्या कार्यक्रमात त्या बिचाऱ्या गप्प बसून असतात, त्यांना काही कळत नाही आणि कोणी सांगतही नाही.

गोठा मुलं आणि पालक मिळून करतात. फादरांनी सांगितलं की असा गोठा मांडायची सुरुवात संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावात केली, तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि खरा चारा आणला होता, म्हणजे लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही डोळ्यांनी दिसावं की बाळ किती गरिबीत जन्मलं. मला हे फार आवडलं. आमच्या गोठ्याला रावेर-यावलकडची मुलं केळीची वाळलेली पानं आणतात, खाली ज्वारीचा कडबा, आणि बर्फ म्हणून शेतातला कापूस. विकतचं थर्माकोल काहीच नाही. गव्हाणी मात्र शेवटच्या दिवसापर्यंत रिकामी ठेवतात, बाळ शेवटी सगळ्यात लहान मुलाच्या हातून ठेवतात.

त्याच दिवशी साने गुरुजींची आठवण पण काढतात, कारण गुरुजींचा जन्म 24 डिसेंबर 1899 चा, आणि सुट्टी लागून गेलेली असते म्हणून आधीच. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधे शिक्षक होते, तिथलं वसतिगृह सांभाळायचे, मुलांची कामं स्वतःच्या हाताने करायचे, हे आमच्या मुलांना या कार्यक्रमामुळे माहीत झालं. आपल्याच जिल्ह्यात शिकवून गेलेला एवढा मोठा शिक्षक, बाकी शाळांच्या गॅदरिंगमधे त्याचं नावही निघत नाही याचं वाईट वाटतं.

मग जेवण. डिसेंबर म्हणजे भरताच्या वांग्यांचा सीझन, पालकच शाळेच्या मागे काड्यांवर वांगी भाजतात, मिरची-लसूण ठेचून, कांद्याची पात घालून भरीत होतं, कळण्याच्या भाकरी घराघरातून येतात, ख्रिश्चन घरातून करंज्या आणि केक (केक बिनअंड्याचा, सगळ्यांना चालावा म्हणून). रेल्वेतल्या घरांमधे कोणाची ना कोणाची ड्युटी असतेच, त्यांचा डबा बाजूला काढून ठेवतात. पंगतीत व्हॅनवाले काका, झाडणाऱ्या मावशी, वॉचमन आणि मुख्याध्यापिका सिस्टर एकाच ओळीत बसतात आणि चौथीची मुलं वाढतात.

हे सगळं दुपारी चारपर्यंत संपतं. आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे संपादक साहेब. माझ्या बहिणीचा मुलगा दुसऱ्या एका शाळेत दुसरीला आहे, तिथे ड्रेसचे वेगळे पैसे भरले, संध्याकाळी सहाला बोलावलं, त्याचा डान्स रात्री साडेनऊला आला, तोपर्यंत ते लेकरू पातळ चमकीच्या शर्टात स्टेजच्या मागे थंडीत बसून होतं, आणि डिसेंबरची आपल्याकडची थंडी काय असते ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या वर्गातल्या ज्या मुलांनी पैसे भरले नाहीत ती कार्यक्रमाला आलीच नाहीत. लहान मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून सरकारने फेब्रुवारी 2024 मधे चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं काढलं, मग त्याच मुलांना रात्री दहापर्यंत डीजेसमोर का बसवायचं?

काही जण मला विचारतात की आपली मुलं येशूची गाणी कशाला म्हणतात. याच शाळेत आषाढीला दिंडी निघते, तेव्हा सिस्टर टाळ घेऊन पुढे असतात. माझ्या मुलीला दोन्ही गाणी पाठ आहेत आणि मला त्यात आनंदच आहे.

शाळांच्या गॅदरिंगच्या मीटिंगा याच पंधरवड्यात होतील. पालकांनी तिथेच उठून तीन गोष्टी विचाराव्यात, कार्यक्रम किती वाजता संपणार, ड्रेस घरचा चालेल का, आणि वर्गातलं कोणतं मूल स्टेजवर नाही. एकदा पैसे भरून झाले की मग कोणी ऐकत नाही. आणि आपल्या पेपरला विनंती, गॅदरिंगचे फोटो छापता तेव्हा जिथे सगळी मुलं स्टेजवर होती त्या शाळांचे आधी छापा.

आपली,
एक पालक, भुसावळ