पिकअपच्या पाट्यांविषयी मित्रास पत्र

लातूर,
1 जून

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. गाडी मोकळी उभी असूनही मागून पार बसलेली दिसते, आणि गाडीचा भार झेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्यांच्या, म्हणजे पाट्यांच्या, संचातला उजव्या बाजूचा सर्वांत लांब मेन पाटा तर सरळ होऊन आता उलटा वाकू लागला आहे. सतरा वर्षे केजच्या कच्च्या रस्त्यांवर चाललेल्या फोर-बाय-फोर पिकअपचे पाटे बसले, यात नवल काहीच नाही. मृगाच्या आधी काम उरकायचे म्हणतोस तेही योग्यच आहे, परंतु जास्तीचा एक पाटा टाकून भागवावे, जड संच बसवावा की मूळ मापाचाच नवा संच घ्यावा, हे ठरवण्यासाठी तू दुकानात जाण्यापूर्वी वजनकाट्यावर जावेस, अशी माझी विनंती आहे.

काट्यावर गाडीची फक्त मागची दोन चाके चढव आणि तेवढ्याचीच पावती घे. एकदा गाडी मोकळी असताना, म्हणजे टाकी भरलेली, स्टेपनी आणि पाने-जॅक जागच्या जागी असे. आणि दुसऱ्यांदा तुझ्या रोजच्या ओझ्यासह, म्हणजे दोनशे लिटरचे पाण्याचे दोन पिंप, फवारणीचा पंप आणि सरकीच्या पेंडीची पोती घेऊन. मोंढ्यावर सोयाबीनचे पंधरा-पंधरा कट्टे नेतोस ते मला ठाऊक आहे, पण तसे दिवस वर्षातून पाच-सहाच असतात. आपण मात्र पाटे घेताना नेमके तेच दिवस डोळ्यांसमोर ठेवतो आणि उरलेले साडेतीनशे दिवस हाडे खिळखिळी करून घेतो. रोजच्या वजनाला साजेसा मुख्य संच आणि त्याच्या खाली जवळपास सपाट असा एक जाड हेल्पर पाटा, जो मोकळ्या गाडीत कशालाच टेकत नाही आणि कट्टे चढल्यावरच भार घेऊ लागतो, अशी रचना तुझ्यासाठी सर्वांत शहाणपणाची ठरेल.

उंची आणि ताठरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुकानदाराच्या बोलण्यात त्या नेहमी एकमेकींत मिसळतात. तुझे पाटे बसले आहेत, म्हणजे त्यांची कमान गेली आहे. पोलादाचा ताठरपणा मात्र जवळजवळ होता तेवढाच आहे. बसलेल्या संचात भरपूर कमानीचा एकच नवा पाटा घुसवला, तर जुने पाटे आरामात राहतात आणि तो एकटा ओझे ओढत राहतो, म्हणून मोडतोही तोच आधी. आता ताठरपणाचा हिशेब पाहा. सहा पाट्यांच्या संचात त्याच जाडीचा आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा सातवा पाटा घातला, तर संच साधारण एक षष्ठांशाने ताठ होतो. पण संख्या तीच ठेवून प्रत्येक पाटा 7 मिलिमीटरऐवजी 8 मिलिमीटरचा घेतला, तर तो जवळजवळ दीडपट ताठ होतो, कारण ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पाण्याच्या 400 किलो ओझ्याने आज तुझी गाडी मागे 50 मिलिमीटर खाली जात असेल, तर तीच गाडी 8 मिलिमीटरच्या पाट्यांवर 34 मिलिमीटरच जाईल. जाडीतला एक मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही, म्हणून जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊनच दुकानात जा. लांबीचेही तसेच आहे, फक्त उलट दिशेने: पाटा जेवढा आखूड तेवढा ताठ, आणि तिथेही हिशेब घनाचाच.

हे सगळे मी शहाणपणाने शिकलो असे समजू नकोस. चार वर्षांपूर्वी एका दुकानात "साहेब, जडच घ्या, आयुष्यभर बघायला नको" असे ऐकून मी जाड पाट्यांचा संच बसवून घेतला. गाडी मागून अडीच इंच उचलली गेली आणि पहिले दोन दिवस मला ती फार रुबाबदार वाटली. तिसऱ्या दिवशी औशाहून निलंग्याकडे मोकळी गाडी नेताना गतिरोधकावर मागचा भाग असा उडाला की हौद्यातला जॅक फळीवर आपटला आणि मागच्या सीटवर बसलेल्या अण्णांनी उरलेल्या प्रवासात माझ्याशी एक शब्द काढला नाही. त्यानंतर साठच्या वेगाला खालून गुरगुर ऐकू येऊ लागली. मागची उंची वाढली की इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर अकारण ताण येतो. माझा क्रॉस पाच महिन्यांत वाजू लागला. अॅक्सल, म्हणजे मागच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा, आणि पाटे यांच्या मध्ये पाचरीसारखी उतरती पट्टी घालून तो कोन सुधारता येतो, पण मुळात उंचीच वाढवली नसती तर तो खर्चही वाचला असता. उंचीसाठी अॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालण्याची जी पद्धत आहे, ती तर मी सुचवणारच नाही. लो गिअरमध्ये जोर लावला की अॅक्सल पाट्यांना पिळून इंग्रजी एसच्या आकारात आणू पाहतो, आणि ठोकळ्यामुळे त्याला तरफ आयतीच मिळते.

आपल्या काळ्या रानाचाही विचार कर. पाऊस पडल्यावर बांधावरून तिरकी गाडी काढताना एक चाक खाली आणि एक वर असते. त्या वेळी पाटे लवचीक असले तर चारही चाके जमिनीला चिकटून राहतात. पाटे काठीसारखे ताठ असले, तर एक चाक अधांतरी फिरते आणि दोन चाकांत जोर वाटणाऱ्या साध्या डिफरन्शिअलमुळे त्याच्या जोडीचे जमिनीवरचे चाकही जागचे हलत नाही. फोर-व्हीलचा लिव्हर ओढूनही गाडी चिखलात का रुतली, असे लोक विचारतात तेव्हा त्याचे उत्तर बरेचदा पाट्यांत असते.

मापे घेताना गाडीच्या नावावर आणि सालावर विसंबून राहू नकोस, कारण इतक्या वर्षांत कोणी काय बदलले असेल सांगता येत नाही. पाट्याची रुंदी, प्रत्येकाची जाडी, एका डोळ्यापासून, म्हणजे टोकाच्या वळवलेल्या कडीपासून, दुसऱ्या डोळ्यापर्यंत पाट्याच्या अंगावरून धरलेली लांबी आणि डोळ्यात बसणाऱ्या बुशचा व्यास ही मापे तर हवीतच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुढच्या डोळ्यापासून सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टपर्यंतचे अंतर, कारण तो बोल्ट नेहमी बरोबर मध्यावर असतोच असे नाही. या अंतरात चूक झाली तर अॅक्सल पुढे-मागे सरकतो आणि चाक मडगार्डमध्ये मध्यावर दिसत नाही. शक्य असल्यास दुसरा पाटा मेन पाट्याच्या डोळ्याला वळसा घालून आलेला असा संच घे. मेन पाटा डोळ्याशी मोडला तरी अॅक्सल जागचा सुटत नाही आणि गाडी घरापर्यंत येते.

जुनेच पाटे ठोकून पुन्हा कमान देण्याचा पर्याय तू विचारला आहेस. थंडच ठोकले तर ते काही महिन्यांत पुन्हा बसतात, आणि लोहाराच्या भट्टीत तापवले तर पोलादाचे पाणी, म्हणजे कमावलेला कडकपणा, उतरते. सिलिकॉन-मँगनीजच्या या पोलादाला कारखान्यात सुमारे 850 ते 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवतात आणि पुन्हा 400 ते 500 अंशांच्या आसपास ताव देतात. फुंकणीच्या भात्यावर ते जमत नाही. तुझ्या जुन्या पाट्यांचे काय करायचे याची मात्र काळजी नको. तुमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला विचार, कमानपाट्याचा कोयता म्हटल्यावर तो दर विचारत बसणार नाही.

पॅराबोलिक पाट्यांविषयी एवढेच सांगतो की ते मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते असतात, संख्येने कमी लागतात, एकमेकांवर घासत नाहीत आणि चालायला मऊ असतात. परंतु पाट्यांचे घासणे हाच जुन्या गाडीत अर्धा शॉकअप असतो, म्हणून त्यांच्यासोबत चांगले शॉकअपही घ्यावे लागतात. तुझ्या मापाचा संच सहज मिळत असेल तरच त्या वाटेला जा.

बसवताना तू स्वतः उभा राहा. दोन्ही बाजू एकदमच बदल. आमच्या इथले म्हातारे मिस्त्री पाटा सुटा करून मध्यावर दोरीने टांगतात आणि हातोडीचा हलका टोला देऊन कान लावतात. सबंध पाटा घंटेसारखा घुमतो आणि चीर गेलेला फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. नवे पाटेही मी आता असेच वाजवून घेतो, दुकानदार हसला तरी हसू दे. पाटे अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुने वापरू देऊ नकोस, कारण एकदा ताणलेले आटे पुन्हा तशी पकड देत नाहीत, आणि यू-बोल्ट ढिले राहिले की आतला सेंटर बोल्ट कापला जाऊन गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. रबरी बुशच्या पिना आणि शॅकलचे, म्हणजे पाट्याचे टोक गाडीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, नट गाडी चाकांवर खाली उतरवल्यावरच पूर्ण आवळायला सांग. गाडी जॅकवर असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. पाट्यांवर जळके ऑइल ओतायचा आग्रह झाला तर नम्रपणे नकार दे. ऑइलने रबर सडते आणि आपल्या फुफाट्याचा थर त्यावर चिकटून बसतो. दोन पाट्यांच्या मध्ये बसवतानाच ग्राफाइटचे ग्रीस लावलेले पुरे.

पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यायला विसरू नकोस. काट्याच्या दोन्ही पावत्या आणि व्हर्नियरने घेतलेली मापे येत्या आठवड्यात पाठवलीस, तर इथल्या दोन-तीन दुकानांत मी स्वतः संच पाहून ठेवतो, म्हणजे तुला एकाच फेरीत गाडी आणून संध्याकाळपर्यंत परत जाता येईल.

तुझा,
बाळू