बीटल्सच्या आवाजामागचे हात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बीटल्स या ब्रिटिश बँडच्या प्रभावावर वर्तमानपत्रांत जे छापून येते, त्यात केसांची ठेवण आणि किंचाळणारे चाहते यांनाच बहुतेक जागा मिळते. आजचे पॉप गाणे ज्या पद्धतीने ध्वनिमुद्रित होते, ती पद्धत घडवणारे तंत्रज्ञ मात्र राहून जातात. त्यांच्याबद्दल लिहिणे गरजेचे वाटते.

गायकाचा आवाज भरदार वाटावा म्हणून तीच ओळ दोनदा गाऊन एकमेकींवर बसवायची, ही जुनी रीत. बीटल्सचा गायक जॉन लेनन याला तिचा कंटाळा होता. १९६६मध्ये ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमच्या वेळी लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी त्यावर तोड काढली. गाण्याचे मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज एकत्र जुळवणे, चालू असताना गायकाचा आवाज दुसऱ्या टेप मशीनवर घ्यायचा आणि तिथून जेमतेम मागेपुढे होईल असा मूळ आवाजात मिसळायचा. अडचण अशी, की दुसऱ्या मशीनवरून फिरून येईपर्यंत आवाज फारच मागे पडतो. म्हणून तो पहिल्या मशीनच्या प्लेबॅक हेडऐवजी (टेपवरचा आवाज वाचणारा भाग), टेपच्या वाटेत त्याच्या आधी असलेल्या रेकॉर्ड हेडवरून (टेपवर आवाज उमटवणारा भाग) उचलला. त्यामुळे जो थोडा वेळ हाताशी आला, त्यात उशीर भरून निघाला. दुसऱ्या मशीनचा वेग ऑसिलेटर या विद्युत-कंपने निर्माण करणाऱ्या उपकरणाने किंचित हलता ठेवला जाई, आणि खरी गंमत तिथेच आहे. अंतर फार वाढले तर प्रतिध्वनी ऐकू येतो, फार घटले तर आवाज पोकळ होतो. आज सॉफ्टवेअरमध्ये तीस मिलिसेकंदांचा ठाम डिले (उशीर) लावून हा परिणाम साधू पाहणारे फसतात, कारण माणूस दुसऱ्यांदा गाताना प्रत्येक अक्षर सारख्याच अंतराने चुकत नाही.

त्याच अल्बमसाठी विशीतले ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी बास ड्रममध्ये (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) लोकरी स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन ड्रमच्या अगदी जवळ नेला. हवेच्या धक्क्याने मायक्रोफोन खराब होईल, या भीतीने स्टुडिओच्या नियमांत ते बसत नव्हते. आज ड्रममध्ये उशी ठेवून माइक आत सरकवताना कुणाला त्यात काही वेगळे वाटतही नाही.

‘सार्जंट पेपर’ हा अल्बम (१९६७) चार ट्रॅकच्या, म्हणजे एकाच टेपवर चार आवाज वेगवेगळे घेणाऱ्या, मशीनवर झाला. चारही ट्रॅक भरले, की त्यांचे मिश्रण दुसऱ्या मशीनच्या एक-दोन ट्रॅकवर उतरवून बाकीचे मोकळे करायचे. दर उतरवणीत टेपची सरसर वाढते, झांजांची धार बोथट होते आणि मिसळलेले पुन्हा वेगळे करता येत नाही. ड्रम आणि गिटार यांचे प्रमाण गायनाच्या आधीच पक्के करावे लागे. म्हणूनच बीटल्सचा पॉल मॅकार्टनी बास गिटार पुष्कळदा शेवटी, स्वतंत्र ट्रॅकवर वाजवी. त्या अल्बममधला बास इतका सुटा आणि गाता ऐकू येतो, त्यात या क्रमाचा मोठा वाटा आहे.

बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ या गाण्यात वेगवेगळ्या लयीचे आणि पट्टीचे दोन टेक (त्याच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणे) सुमारे साठाव्या सेकंदाला जोडले आहेत. टेपचा वेग बदलला, की लय आणि पट्टी दोन्ही एकदमच बदलतात. जलद टेकची पट्टीही वरची होती, म्हणूनच तो संथ केल्यावर दोन्ही गोष्टी जुळल्या. उलट असते तर हा सांधा बसलाच नसता.

बीटल्सवरच्या पुढच्या लेखात निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्यासोबत एमेरिक आणि टाउनसेंड यांचीही नावे, त्यांनी काय केले यासह छापावीत, ही विनंती.

आपला,
ध्वनिमुद्रण क्षेत्रातील एक वाचक