सूचना : मालवण–निवती होडीसफर, रविवारची बैठक

सर्व सभासदांना कळवण्यात येते की येत्या रविवारी सकाळी 7 वाजता अंबाझरी तलावाच्या काठावर भेटायचं आहे. लाइफ जॅकेट घालून, पट्टे आवळून दाखवायचे. हातात धरून आणलेलं चालणार नाही.

अंबाझरीचं पाणी पाहून समुद्राचा अंदाज बांधू नका, राजेहो. मालवणपासून निवतीपर्यंत पाण्याखाली खडक आहेत. भरतीला झाकलेले, ओहोटीला दात काढून बसलेले. सिंधुदुर्ग 1664 साली कुरटे बेटावर बांधायला घेतला, त्यात या खडकांचाही हिशेब होता. म्हणून आपण अष्टमीच्या भांगाची, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हाची तारीख धरली आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात छोटी होडी नको. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे निघायची वेळ रोज तांडेलच (होडीचा प्रमुख) सांगेल. त्यावर वाद घालू नये. दुपारनंतर खारा वारा जोर धरतो, तेव्हा जेवणाआधी किनारा गाठायचाच.

गेल्या खेपेला तिघांनी पहाटे तर्री पोहे हाणले आणि निवतीपर्यंत होडीच्या काठावर ओणवे होते. (त्यात मीही होतो.) या वेळी सकाळी फक्त कोरडी पोळी आणि आल्याचा तुकडा. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. पोहता न येणाऱ्यांनी नाव देतानाच सांगावं.

— सचिव