सुळका सोपा आहे, पण दोर कशाला बांधलाय?

संपादक महोदय,

दिवाळी उलटली की 'नदीकाठच्या सुळक्यावर चढाई, अनुभवाची गरज नाही' अशा जाहिराती गोव्यात मोबाइलवर फिरू लागतात. नवशिक्यांनी जरूर जावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दगड सुका असतो, सकाळी गारवाही असतो. मात्र पैसे भरताना लोक नाश्त्यात काय आहे, गाडी कुठून सुटणार हे विचारतात. वर दोर कशाला बांधणार, हे सहसा कुणी विचारत नाही.

आपल्याकडे तो प्रश्न आधी विचारायला हवा, कारण दगड जागोजागी बदलतो. काणकोणकडे ग्रॅनाइट, सत्तरीच्या पूर्वेला घाटाजवळ काळा बसाल्ट आणि इतरत्र बहुतेक ठिकाणी जांभा. घर बांधलेल्या कुणालाही ठाऊक असते की खाणीतून काढलेला ताजा चिरा सहज तासता येतो, वाऱ्यावर राहिला की कडक होतो. जांभ्याच्या कड्याचेही तेच: वर कडक कवच, आत भुसभुशीत. दोर अडकवायला त्यात ठोकलेला बोल्ट पक्का दिसतो आणि भार आला की कवचासकट उपटून येऊ शकतो. हातोडीने ठोकून पाहावे. आवाज खणखणीत आला तर पुढचा विचार. बद्द वाजला तर ती जागा सोडावी. खाडीलगतच्या जुन्या बोल्टांवर तर विसंबूच नये. खाऱ्या, दमट, उष्ण हवेत साध्या स्टेनलेस स्टीललाही आतून बारीक तडे जातात आणि वरून ते चकचकीतच दिसते. फटीत उगवलेले पिंपळाचे रोप म्हणजे अँकर (वर दोर ज्याला बांधतात ती मांडणी) नव्हे, हेही सांगावे लागते!

अँकरला किमान दोन स्वतंत्र आधार हवेत आणि त्यांच्या पट्ट्यांमधला कोन ६० अंशांच्या आत हवा. ६० अंशांना प्रत्येक आधारावर सुमारे ५८ टक्के भार येतो. कोन १२० झाला की दोन्हींवर प्रत्येकी पूर्ण भार. दोर वरून लावलेला असतो तेव्हा वरचा कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी, कप्पीचे काम करतो, त्यामुळे ७० किलोचा माणूस लोंबकळला तरी अँकरला शंभराहून अधिक किलोंचा ओढा बसतो. कॅराबिनर लांबीच्या दिशेने बावीस-चोवीस किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे शंभर किलोंचा भार) पेलतो, आडवा पडला तर जेमतेम सात-आठ. म्हणून वर दोन कुलूपवाले कॅराबिनर, तोंडे विरुद्ध दिशांना, आणि दोघेही कड्याच्या काठाखाली मोकळे लोंबणारे. नाहीतर दोर दिवसभर काठावर घासत राहतो.

नवशिके सर्वांत जास्त आपटतात ते पहिल्या दोन-अडीच मीटरांत, आणि इथे दोष दोराच्या ताणाचा असतो. सुळका १५ मीटर उंच असेल तर खालच्या बिले देणाऱ्यापासून (खालून दोर धरून चढणाऱ्याला सांभाळणाऱ्यापासून) वर जाऊन परत चढणाऱ्यापर्यंत जवळपास ३० मीटर दोर असतो. चढाईचा डायनॅमिक, म्हणजे झटका शोषायला ताणला जाणारा, दोर ८० किलो वजनाखाली १० टक्क्यांपर्यंत ताणला जाणे ठरलेल्या मानकात बसते. म्हणजे दोन मीटरांवर हात सुटला तर दोर, गाठ, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) सगळे शाबूत असूनही माणूस खालच्या खडकावर बसतो. उपाय दोन: सुरुवातीचे काही हात दोर अगदी ताठ ठेवणे, किंवा वरून लावायला कमी ताणणारा सेमी-स्टॅटिक दोर वापरणे. पुढे चढून दोर लावणाऱ्याने मात्र तो दोर कधीच वापरू नये. पडल्यास झटका सगळा शरीराला बसतो.

सुळक्याला मागून पायवाट नसते. आधी कुणीतरी जाणत्याने चढून दोर लावायचा, आणि उतरणेही दोरानेच. माणशी १५ मिनिटे धरली तर एका दोरावर १६ जणांना चार तास लागतात आणि अकरानंतर काळा दगड तापतो. तेव्हा एका दोरामागे सहा जण पुरे. अंगठ्या, बांगड्या, लांब साखळ्या गाडीतच ठेवाव्यात. केस घट्ट बांधावेत. रॅपलिंगच्या, म्हणजे दोराने उतरण्याच्या, वेळी डिसेंडरमध्ये (उतरण्याचा वेग रोखणाऱ्या साधनात) केस अडकले तर माणूस मधेच लटकतो आणि सोडवायला दुसऱ्या दोराने जावे लागते.

नदीचा त्रास वेगळाच. पाण्याच्या आवाजात 'रोप टाइट' आणि 'ढील दे' सारखेच ऐकू येते, म्हणून शिट्टीच्या किंवा दोर ओढायच्या खुणा खालीच ठरवून घ्याव्यात. पायथ्याच्या खडकावर शेवाळ असते. तिथून ओल्या तळव्यांनी चढायला लागले तर पहिल्याच पायरीला पाय सुटतो, तेव्हा बूट पुसायला पायाशी कोरडे पोते ठेवावे. बिले देणाऱ्यानेही कोरड्या जागीच उभे राहावे. आपल्या नद्यांत भरती बरीच आत येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. गेल्या रविवारी ज्या वेळेला ओहोटी होती, या रविवारी त्याच वेळेला साधारण भरती असते. जुन्या अनुभवावर ठरवलेली वेळ तिथे फसते. वरच्या अंगाला धरण असेल तर पाणी सोडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारावी.

आग्या माश्यांचे मोहोळ दिसले तर त्या बाजूला जाऊच नये. अत्तर, धूर, आरडाओरड यांनी त्या उठतात आणि दोरावरच्या माणसाला पळता येत नाही.

आमची मागणी एवढीच, की जाहिरातीत तीन गोष्टी छापाव्यात: अँकर लावणाऱ्याचे प्रशिक्षण कुठले, एका प्रशिक्षकामागे किती जण, आणि अभयारण्यातली जागा असल्यास वनखात्याची परवानगी. चौथी तोंडी विचारावी: तिथे मोबाइलला रेंज आहे का? १०८ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते, आणि स्ट्रेचर आळीपाळीने उचलायला सहा-आठ माणसे लागतात.

— प्रस्तरारोहण शिकवणारे काही जण, वाळपई