क्रेटा की ग्रँड विटारा? मुक्ताला पत्र

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली एक्सेल शीट नीट वाचली. सनरूफ आहे, स्पीकर किती ते आहे, सीटमधून गार हवा येते का तेही आहे. डिकी किती लिटरची, ही ओळ मात्र सापडली नाही. आणि खरी गडबड पुढेच आहे: ग्रँड विटाराला तू एकच रकाना दिला आहेस. त्या एका नावाखाली दोन निरनिराळ्या गाड्या विकल्या जातात, आणि तुझ्या शीटमध्ये पहिलीची किंमत आणि दुसरीचं मायलेज एका ओळीत बसलंय. अशी गाडी कुठल्याच शोरूममध्ये मिळणार नाही.

पहिली ग्रँड विटारा मारुतीच्या १४६२ सीसी, चार सिलिंडरच्या इंजिनाची. तिला 'स्मार्ट हायब्रिड' म्हणतात, पण त्यातली मोटर म्हणजे स्टार्टर आणि अल्टरनेटर एकत्र केलेला. सिग्नलला बंद पडलेलं इंजिन ती चालू करते, उठताना थोडा हात लावते. नुसत्या मोटरवर ही गाडी एक फूटही जात नाही. ऑटोमॅटिकला एआरएआयचा (गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा) मायलेजचा आकडा लिटरला २०.५८ किलोमीटर. दुसरी ती स्ट्राँग हायब्रिड. हिच्यात टोयोटाचं १४९० सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, सोबत ८० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती) मोटर आणि डिकीखाली ०.७६ युनिटची लिथियम बॅटरी. आकडा २७.९७. सेल्समन दोन्हींना 'हायब्रिड' म्हणतो, आणि तो खोटंही बोलत नसतो. तू 'स्ट्राँग' हा शब्द कोटेशनवर लिहून घे. हीच गाडी टोयोटा हायरायडर म्हणून विकते, तेव्हा तिथलंही कोटेशन आणि वेटिंग विचार.

हे आकडे ज्या एआरएआयचे, ती संस्था तुमच्या कोथरूडच्याच टेकडीवर आहे. चाचणी होते ती मात्र प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांनी. तिथे भूमकर चौकातली कोंडी नसते. त्यामुळे क्रेटाच्या पेट्रोल आयव्हीटीचा, म्हणजे ऑटोमॅटिकचा, कागदावरचा १७.७ हिंजवडीच्या गर्दीत एसी लावून ९-१० वर येतो, हायवेला १५ धर. स्ट्राँग हायब्रिड गर्दीत २० च्या पुढे राहते आणि हायवेवर उलट १८-१९ वर उतरते. कारण साधं आहे. गर्दीत दर मिनिटाला ब्रेक लागतो, प्रत्येक ब्रेकला मोटर जनरेटर होऊन बॅटरी भरते आणि त्या विजेवर गाडी पुढची पन्नास पावलं इंजिन बंद ठेवून सरकते. साताऱ्याच्या रस्त्याला ९० च्या वेगानं एकसारखं गेलं तर परत मिळवायला काही नसतंच.

आता तुझा हिशेब. आठवड्याला तीन दिवस हिंजवडी, जाऊन-येऊन ४० किलोमीटर. गावातली किरकोळ कामं. महिन्याला एक साताऱ्याची फेरी. महिन्याचे हजार, वर्षाचे बारा हजार किलोमीटर. सरासरी क्रेटाला १२ आणि हायब्रिडला २० धरली तर एकीला हजार लिटर लागतं, दुसरीला सहाशे. पेट्रोल शंभर रुपये धरून वर्षाला ४०,००० वाचतात. ही रक्कम दोन्हींच्या ऑन-रोड फरकाला लावून बघ. फरक दीड लाख असेल तर पावणेचार वर्षांत वसूल, अडीच लाख असेल तर सव्वासहा. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, म्हणजे तोवर त्या बाजूनं घोर नाही. फक्त फरक काढताना सारख्या सोयींचे व्हेरिएंट समोरासमोर ठेव. क्रेटाचं मधलं आणि हायब्रिडचं सगळ्यात वरचं ठेवलंस, तर सनरूफ आणि ३६० अंशांच्या कॅमेऱ्याचे पैसे बिचाऱ्या बॅटरीच्या नावावर पडतील.

ही बॅटरी जागा खाते ती डिकीत. क्रेटाची डिकी ४३३ लिटर, साध्या ग्रँड विटाराची ३७३, स्ट्राँग हायब्रिडची २६५. लिटरवरून काही कळत नाही, म्हणून अन्वीची प्रॅम घेऊनच शोरूमला जा. चाकं काढायची नाहीत. घरी जशी घडी घालता तशीच आडवी ठेवायची आणि उरलेल्या जागेत तुमची मोठी बॅग बसते का बघायचं. हायब्रिडच्या डिकीचा मजला वर उचललेला असल्यामुळे बॅग आत जाते, पण उभी केली की काचेला लागते आणि आरशात मागचं दिसेनासं होतं. मॅट उचलून स्टेपनीही बघ. ती बाकीच्या चाकांएवढी नसेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते.

मागची सीट तिघांची म्हणून विकतात. लहान मुलाची सीट आयसोफिक्सवर (ती अडकवायच्या हुकांवर) लावली की दोघांचीच उरते, आणि त्यातला एक जण जरा अंग चोरून बसतो. दोन्ही गाड्यांत आयसोफिक्सचे हुक मागच्या दोन कडेच्या जागांवर आहेत. अन्वीची सीट अजून मागे तोंड करून लावायची आहे, म्हणजे तिच्या पुढची सीट बरीच पुढे ओढावी लागेल. जावईबापूंच्या उंचीला तिथे गुडघे डॅशबोर्डला टेकतात का, हे त्यांनी प्रत्यक्ष बसून सांगू दे. दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जवळपास सारखाच, २६१० आणि २६०० मिलिमीटर. फरक पडतो तो सीटच्या घडणीनं.

विहीणबाईंना टेस्ट ड्राइव्हला नक्की ने. त्यांच्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. एकदा बसवून 'कसं वाटतंय' विचारलंस तर त्या 'छान आहे' म्हणतील. तीनदा चढ-उतर करायला सांग आणि तिसऱ्या वेळी त्यांचा हात कुठे जातो ते बघ: वरच्या हँडलला, दाराच्या कडेला की तुझ्या खांद्याला. ग्रँड विटाराचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर, क्रेटाचा १९०. पण उतरताना महत्त्वाची असते ती सीटची उंची आणि दाराखालच्या उंबऱ्याची रुंदी. उंबरा रुंद असला की पाय लांब टाकावा लागतो, आणि पावसाळ्यात उतरताना साडीचा काठ त्या चिखलाला पुसला जातो. मागे बसून डोकं टेकवूनही बघा. पॅनोरमिक सनरूफ असलं की छताची जाडी वाढते आणि उंच माणसाचे केस वर घासतात.

तुमच्या सोसायटीत लिफ्टचं पार्किंग आहे ना? त्याच्या पाटीवर गाडीची जास्तीत जास्त उंची आणि वजन लिहिलेलं असतं. क्रेटा १६३५ मिलिमीटर उंच, ग्रँड विटारा १६४५. जुनी मशीन सेडानच्या मापाची असतात, त्यांत दोन्ही बसणार नाहीत. बुकिंगचे पैसे भरण्याआधी ती पाटी वाच.

क्रेटाच्या इतर इंजिनांबद्दल थोडक्यात. टर्बो पेट्रोल १६० पीएसचं, चालवायला मजा येते, पण त्याचा सात गिअरचा डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) कोरड्या क्लचचा आहे. हिंजवडीत मुंगीच्या पावलानं सरकताना, किंवा चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरनं गाडी धरून ठेवली की क्लच तापतो. तुझ्या रस्त्याला तो नको. डिझेल लांबच्या रस्त्याला उत्तम, पण महाराष्ट्रात त्याला रोड टॅक्स दोन टक्के जास्त, म्हणजे १६ लाखांच्या गाडीला ३२,००० रुपये. शिवाय सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला धूर चांगला तापावा लागतो, त्यासाठी गाडी वीस-पंचवीस मिनिटं ६० च्या वर सलग चालायला हवी. भाजी आणि पाळणाघर अशा फेऱ्यांत ते होत नाही, मग मीटरवर दिवा लागतो. तुझ्यासाठी क्रेटा म्हणजे ११५ पीएसचं साधं १.५ पेट्रोल आणि आयव्हीटी.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमभोवती चक्कर मारून संपवतात. तसं करू देऊ नकोस. चौघं बसा, एसी लावा आणि चांदणी चौकातून पिरंगुटचा घाट चढा. चढावर स्ट्राँग हायब्रिडचं तीन सिलिंडरचं इंजिन मोठ्यानं ओरडतं आणि वेग मात्र सावकाश वाढतो. तो बिघाड नव्हे, ई-सीव्हीटीची, म्हणजे हायब्रिडच्या ऑटोमॅटिकची, रीतच तशी. तो आवाज तुला रोज सोसेल का एवढंच ठरव. उतरताना गिअर 'बी' वर (उतारावर गाडी रोखून धरणारा) टाक. बॅटरी छोटी असल्यानं घाटात लवकर भरते. मग इंजिन पुन्हा आवाज करून गाडी रोखून धरतं, हेही ठीकच. मंद वेगात ब्रेक हलकेच दाबून बघ: मोटरचा ब्रेक संपून खरा ब्रेक लागतो तिथे बारीकसा हिसका जाणवतो. क्रेटात असलं काही नाही, ती सरळ आहे.

तुझ्या शीटमधलं एडीएएस (कॅमेऱ्यानं पुढचं बघून आपोआप ब्रेक लावणारी सोय) क्रेटाच्या वरच्या व्हेरिएंटांत आहे, ग्रँड विटारात नाही. हायवेला उपयोगी आहे. गावात रिक्षा आडवी आली की आपोआप ब्रेक लागू शकतो आणि मागचा दुचाकीवाला दचकतो. त्याचा कॅमेरा पुढच्या काचेला असतो, त्यामुळे काच बदलली की कॅलिब्रेशनही करावं लागतं. सुरक्षिततेसाठी मी त्याआधी सहा एअरबॅग आणि भारत एनकॅपचा (धडक-चाचणीचा) निकाल बघेन. २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपनं क्रेटाला तीन तारे दिले होते, पण ती जुनी, दोन एअरबॅगांची गाडी. तो निकाल आजच्या गाडीला चिकटवू नकोस, आणि सेल्समनच्या तोंडच्या ताऱ्यांवरही जाऊ नकोस.

कोटेशन आलं की ओळीनं वाच. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला एक्स-शोरूमवर १२ टक्के रोड टॅक्स. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आधीच गोळा केलेला आयकर. तो गेलेला पैसा नाही, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, म्हणून बिलावर पॅन बरोबर घाल. सगळी इंजिनं १५०० सीसीच्या आतली, तेव्हा तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा दोन्ही कोटेशनांत एकाच गटाचा दिसला पाहिजे, फक्त हायब्रिडला त्यावर साडेसात टक्के सूट असते. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की त्यांचा आकडा खाली येतो. झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) घे आणि इंजिन प्रोटेक्टही (इंजिनात पाणी गेल्याची भरपाई) घे, सिंहगड रस्त्याला पाणी कसं भरतं ते तुला माहीत आहे. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करायची नाही. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हायब्रिडमध्ये तर 'रेडी' दिवा चालू असेल तोवर इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकतं, म्हणून आधी बटण बंद. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ दिसली तर ती खोडायला सांग.

दसऱ्याला डिलिव्हरी घ्यायची तर घ्या, पण गाडी दोन-तीन दिवस आधी, बिल आणि नंबर पडण्यापूर्वी, उन्हात बघून या. एकदा नंबर पडला की ती गाडी तुमची, ओरखड्यासकट. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर जवळपासच्या तारखांचे हवेत आणि गाडी कुठल्या महिन्यात बनली त्याच्याशी जुळायला हवेत. वर्ष उलटलेल्या स्टॉकला सूट मिळते खरी, पण विकताना तेवढीच कापली जाते.

आणि माझा कौल. सारख्या व्हेरिएंटांचा ऑन-रोड फरक दीड लाखाच्या आत असेल तर स्ट्राँग हायब्रिड घे. अडीचच्या वर गेला तर क्रेटा. मधे कुठे अडकला तर प्रॅम डिकीत मावते की नाही त्यावर ठरव. दोन्ही कोटेशनांचे फोटो पाठव, विम्याचं पान वेगळं.

तुझी
आई

ता. क. हायब्रिड घेतलीत आणि मे महिन्यात दोन-तीन आठवडे गाडी उभी राहणार असेल, तर अधूनमधून कुणाला तरी ती 'रेडी'वर ठेवून अर्धा तास चालवायला सांगा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी नेहमीची १२ व्होल्टची उतरली की गाडी जागची हलत नाही. जंपर केबल लावून चालू करता येते. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी तारांना मात्र कुणालाही हात लावू देऊ नकोस.