बाळ्या, गोधडी उसवली

ठाणे, १२ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

आठ महिने झाले, माझी एक ओळ नाही. तुझे दोन फोन येऊन गेले. 'रात्री करतो' म्हटलं आणि केलेच नाहीत. रागावला असशील तर रास्त आहे, पण हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. परवा फोन हातात घेतला होता. तुझा नंबर लावला आणि रिंग जायच्या आत कापला. हे बोलून सांगणं मला जमलं नसतं. घरात कुणाला सांगावं तर शोभानं तुझ्या आईला, आपल्या काकूंना, पाहिलं ते त्यांच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत, आणि मयूरला त्या फोटोतल्याच माहीत.

तब्येत बरी आहे. गुडघा होता तसाच, साखर गोळ्यांवर. झालं.

गोधडी फाटली. हो, तीच. चरईची खोली सोडताना आपण ज्या गोधडीवरून जिन्यात भांडलो होतो, ती. तू म्हणालास, "माझ्या आईच्या हातची आहे, मला दे." आणि मी म्हटलं, "माझ्या आईनं रोख पंधरा रुपये मोजलेत." ते वाक्य तोंडातून गेलं तसं मला परत घ्यावंसं वाटलं होतं, पण तू तोवर तीन पायऱ्या उतरला होतास. आज लिहून परत घेतो.

एवढं भांडून आणली आणि ठेवली कुठं, तर घोडबंदरच्या या घरात बाथरूमवरच्या माळ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड सुतळीनं आवळून. सुती कापड प्लॅस्टिकमध्ये कोंडायचं नाही हे मला दहाव्या वर्षीही ठाऊक होतं. बाबांच्या दुकानात गिऱ्हाईकाचा कपडा कधी पिशवीत राहिला नाही, मांजरपाटाच्या फडक्यात बांधलेला असायचा. वरच्या मजल्यावरून जूनपासून पाणी झिरपत होतं. पिशवीला कुठंतरी भोक पडलं असणार. नवरात्राआधी माळा आवरायला काढला तेव्हा आधी वास आला. कुबट, चरईच्या कोपऱ्यातल्या खोलीला श्रावणात यायचा तसाच. पांढरे-हिरवट ठिपके सगळीकडे. आईनं गोधडीच्या तळाचं आपलं लुगडं खळ देऊन ठेवलेलं, आणि खळीवर बुरशी आणि कसर दोन्ही जोरात धरतात.

मी बँकेत गेलो होतो. मयूरनं मला बरं वाटावं म्हणून ती मशीनमध्ये घातली. त्याचा हेतू चांगलाच होता, पण एवढे थर भिजले की वजन किती होतं तुला आठवतं ना? काकू आणि आई दोघी मिळून पिळायला जायच्या तर काका ओरडायचे, "पिळू नका, नुसती निथळू द्या." मशीन पिळतेच. मधोमध दीड हात फाटली. आणि काकूंची काळी चंद्रकळा, जिचा तो मधला चौकोन होता, ती तर बोटांत घेतली की भुगा होत होती.

बाबा म्हणायचे, जुन्या कपड्यात काळं आधी जातं. हिरडा आणि लोखंडाच्या पाण्यात रंगवलेलं असो की गंधकाचा काळा रंग असो, दोन्ही सुताला आतून खात राहतात, ओल मिळाली की आणखीच. शेजारचं पिवळं छिटाचं ठिगळ बघ, धडधाकट आहे. काळ्याचा तेवढा लाल काठ उरलाय. काठाची वीण घट्ट असते म्हणून टिकला.

मयूरला मी नको ते बोललो. दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज. तिसऱ्या दिवशी जेवताना ऋता म्हणाली, "बाबा, कडेचा भाग चांगला आहे, पायपुसणी तरी होतील." मी ताटावरून उठलो. ती पोरगी वाईट नाही रे, तिच्या माहेरी तसंच करतात. आपल्याकडेही करायचेच. लुगडं विटलं की चांगले तुकडे जोडून दंड घालायचा, दंडाचं फाटलं की परकर, मग गोधडी, आणि गोधडीचं शेवटी पोतेरं. काकूंनी स्वतः केलं असतं, हेही मी जाणतो. पण मला नाही करवत. त्या लुगड्यांवर आपण मांडी घालून जेवलोय, त्यांच्या पदराला नाक पुसलंय. पाय नाही पुसले.

मग मी हातात घेतली. आमच्या सोसायटीत बाहेर दांडीवर कपडे वाळत घालायला बंदी आहे, म्हणून सेक्रेटरीला सांगून गच्चीची किल्ली घेतली. जुनी चादर खाली घालून, तिची चार टोकं मी आणि मयूरनं धरून, झोळीसारखी वर नेली. दांडीवर टाकली असती तर स्वतःच्या वजनानंच आणखी फाटली असती. आडवीच वाळवली, कडक उन्हात थोडा वेळ, बाकी सावलीत. पूर्ण कोरडी झाल्यावर नाकाला फडकं बांधून मऊ ब्रशनं बुरशी झटकली. ओली असताना घासली तर बुरशी सुतात आणखी आत जाते. खाली मेट्रोच्या कामाची धूळ उडत होती, आणि वर मी ब्रश घेऊन बसलेलो, शेजारी मयूर. तो काही बोलला नाही, पण बसून राहिला. आमचं मिटलं ते असं.

आता मुख्य गोष्ट.

फाटलेल्या जागी आतून आधार द्यायचा तर थर मोकळे करावे लागतात. मी मागच्या बाजूनं दर चौथा टाका कापत गेलो. काकूंचा टाका ओळखू येतो. बारीक, सरळ, कडेपासून चौकोनाचे फेरे घेत आत आलेला. आईचा डाव्या हाताचा, थोडा तिरपा, आणि तिच्या ओळी मध्येच वर चढतात. वरचा थर बाबांच्या कातरणांचा. तुझ्या खाकी चड्डीचं ठिगळ आहे, माझ्या मुंजीच्या सदऱ्याचं आहे. तळाला आईचं इरकली लुगडं. मध्ये काकूंची जुनी लुगडी, एकावर एक तीन. आणि त्या तिसऱ्याखाली, बरोबर चंद्रकळेच्या चौकोनात, एक घडी होती. चारही बाजूंनी टाचलेली, वेगळ्या दोऱ्यानं. काळ्या.

बेबीचं दुपटं आहे, बाळ्या. तुझ्या बहिणीचं.

मी उगाच म्हणत नाही. पिवळ्या मलमलीवर सशांची छीट, आणि कडेला लाल गोट. तो गोट बाबांचा आहे. उरेब, म्हणजे तिरपी कापलेली पट्टी, कोपऱ्यावर जराही चुणी न पडता वळवलेली. ते मशीनवर करायचे नाहीत, हातानंच घालायचे. बेबीच्या बारशाला बाबांनी शिवून दिलं होतं, मला आठवतं, कारण उरलेल्या सशांच्या कापडाचा मी रुमाल मागितला होता आणि मिळाला नव्हता.

बेबी गेली त्र्याहत्तरच्या पावसात. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप. ८ तारखेला सुरू झाला, २७ला मागे घेतला, आणि काकांना कामावर परत घ्यायला दिवाळी उजाडली. त्या महिन्यात काकूंनी चार वाकळी शिवल्या. (हो, तुमच्याकडे गोधडीला वाकळ. तुझ्याशी या एका शब्दावरून किती डोकं फोडलंय मी.) तीन बाहेर विकल्या. चौथी आईला दिली. पंधरा रुपये आईनंच जबरदस्तीनं हातात कोंबले असणार, कारण एरवी काकूंनी घेतले नसते. आपल्याला एवढंच माहीत होतं. तू मला कितीदा विचारलंस, "सगळ्यांत चांगली वाकळ आईनं तुमच्याकडे का दिली?" मला उत्तर नव्हतं.

आता वाटतं, त्यांना ते दुपटं घरात ठेवता येत नव्हतं आणि टाकताही येत नव्हतं. एका भिंतीपलीकडे ठेवलं. आईला ठाऊक होतं का? त्या चौकोनात एकही तिरपा टाका नाही, सगळे काकूंचे. पण आई ती गोधडी कधी कुणा पाहुण्याला द्यायची नाही हेही खरं. काकांना पोलिसांनी नेलं त्या रात्री तू आमच्याकडे झोपलास, तेव्हा मात्र तिनं हीच काढून दोघांवर घातली होती. आठवतं? तू सगळी ओढून घेतलीस आणि मी रात्रभर पाय उघडे टाकून.

ती घडी तेवढी सोडवली आणि मी तिथंच थांबलोय. पुढचा टाका कापलेला नाही.

आता करायचं काय, ते तुला विचारल्याशिवाय मी कैची लावणार नाही. माझ्या डोक्यात दोन गोष्टी आहेत. एक, जशी आहे तशी जपायची. जांभळी नाक्यावरून बारीक जाळी आणलीय. फाटलेल्या भागाखाली मलमलीचा आधार, वरून जाळी, आणि जाळीचे टाके फक्त धडधाकट कापडातून घ्यायचे. दोरा साधा, पातळ सुती. बाबांचा नियम तुलाही पाठ असेल, दोरा कापडापेक्षा अशक्त हवा. ओढ बसली तर दोरा तुटेल, कापड वाचेल. असं केलं की ती टिकेल, पण अंगावर घेता येणार नाही. मांजरपाटात गुंडाळून कपाटात, आणि वर्षातून दोनदा घडी बदलायची. म्हणजे पुन्हा अंधारातच.

दुसरी गोष्ट, कापायची. चार कोपरे दीड-दीड हाताचे चांगले आहेत. दोन तुझे, दोन माझे. एका कोपऱ्याला मागून मांजरपाट लावून वर नळी शिवतो, काठी घालून तुझ्या सांगलीच्या बैठकीत लावता येईल, फक्त उन्हाच्या भिंतीवर नको. लांबट कडांची बस्करं होतील, देवापुढं बसायला. चंद्रकळेच्या लाल काठाचे बंद करतो, काकूंची पोथी तुझ्याकडे आहे तिच्या रुमालाला. आणि आतल्या लुगड्यांच्या ज्या पट्ट्यांना बुरशी शिवलेली नाही, त्या रिठ्याच्या पाण्यातून काढून, पीळ भरून तुझ्या तबल्याला चुंबळ. ही मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट आहे. तुझी आत्ताची चुंबळ चिंध्या लोंबत असलेली आहे, गणपतीत व्हिडिओत बघितली मी. खाकी तुकड्याची आमच्या अर्णवला पेन्सिलींची पिशवी करीन म्हणतो, तुझ्या चड्डीत पेन्सिली, त्याला फार हसू येतंय.

माझं मन कापण्याकडे आहे. काकूंनी कापड कधी शोभेला ठेवलं नाही. आणि मी आणखी किती वर्षं घड्या बदलणार? मयूर बदलेल का? पण मध्यरात्री जाग आली की वाटतं, बेबी ज्यात आहे ते कापायचं कसं.

मुग्धाला सातवा ना? शोभा म्हणाली तेव्हा कळलं, तुझ्याकडून नाही, पण तक्रार करायला मला तोंड नाही. इथं कुणीतरी सुचवलं की चांगल्या भागाचं तिच्या बाळाला दुपटं करा. ते नको. बुरशी धुतली तरी पूर्ण जाते असं नाही, आणि तान्ह्या बाळाच्या नाकापाशी ते नको. नव्या मलमलीचं शिवतो, बाबांसारखाच उरेब लाल गोट घालून. शोभाला हे पटत नाही. म्हणते, गेलेल्या मुलीच्या दुपट्यावरून बेतू नका, अपशकुन होतो. मला तसं वाटत नाही, पण मूल तुमच्या घरात यायचंय. वहिनींना विचार. त्या नको म्हणाल्या तर निळा गोट.

तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असेल. निवृत्तीचे कागद झाले का रे? वहिनींना नमस्कार, मुग्धाला आशीर्वाद.

दुपटं मी धुतलेलं नाही. टाके सोडवून अलगद काढलं, स्वच्छ मलमलीत ठेवलं आणि बाबांच्या मशीनच्या खणात ठेवलंय, कुणाला दाखवलेलं नाही. मयूरनं एकदा विचारलं, "बाबा, आत काय सापडलं?" मी म्हटलं, बाळूकाकाचं आहे. ते तुझंच आहे. पोस्टानं पाठवणार नाही. तू ये, नाहीतर मी दिवाळीनंतर सांगलीला येतो. तिथं बसून गोधडी पुढ्यात घेऊ आणि मग ठरवू.

तुझा,
शिरप्या

ता. क. खाकी ठिगळाजवळचा तो डाग. पन्नास वर्षं तू चहा सांडला म्हणतोयस. तो पाचही थर उतरून इरकलीपर्यंत पोचलाय. काकूंच्या घरात एवढा चहा एका कपात मिळत नव्हता.