स्वॅबआधी काय करू नये, ते आदल्या दिवशी सांगा

संपादक महोदय,

पावसाळी तापावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. घसा दुखत असताना मुलांची चाचणी करून घ्यायला पालकच टाळाटाळ करतात, असे त्यात म्हटले आहे. हे मला मान्य नाही. आम्ही टाळाटाळ केली नव्हती, आम्हाला परत पाठवले.

नातवाच्या टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसले म्हणून डॉक्टरांनी घशाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला नमुना, कल्चरला द्यायला सांगितले. कल्चर म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणे. सुनेने आदल्या संध्याकाळी एका खासगी लॅबला फोन करून वेळ घेतली. पैसे किती, गाडी कुठे लावायची, सगळे सांगितले. मुलाने काय खायचे-प्यायचे नाही याबद्दल चकार शब्द नाही. सकाळी त्याला पेज भरवली, आयोडीनच्या त्या तपकिरी औषधाच्या गुळण्या करायला लावल्या आणि साखळीहून म्हापशाची बस धरली.

तिथल्या मुलीने पट्टीने जीभ दाबून टॉर्च मारला मात्र, पोराला उमासे येऊन पेज बाहेर आली. मग तिने विचारले, "गुळण्या केल्या होत्या?" हो म्हटल्यावर न फोडलेली स्वॅबची काडी तिने पुन्हा ट्रेमध्ये ठेवली. "आज घेऊन उपयोग नाही. उद्या उपाशीपोटी आणा."

ती खोटे बोलली नाही. जंतुनाशक गुळण्यांनी घशातले जंतू कमी होतात. मग जंतू वाढवायची प्लेट दोन दिवस इनक्युबेटरच्या उबेत ठेवली तरी कधी काही उगवत नाही आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मग हे आदल्या संध्याकाळी फोनवर सांगायला काय हरकत होती? तापाने फणफणलेले पोर घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रवास केला. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या घसादुखीवर वेळेत उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. हा धोका जास्त असतो तो शाळकरी वयातच.

वेळ देतानाच एवढे सांगावे: जंतुनाशक गुळण्या नकोत, पोटभर खाऊन येऊ नये, अँटिबायोटिक सुरू असेल तर आधी कळवावे. नाकाचा स्वॅब असेल तर थेंब किंवा स्प्रे मारू नये, नाकातून रक्त येण्याची सवय किंवा रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर तेही सांगावे. कोविडच्या काळात अर्ध्या गोव्याने नाकात काडी घालून घेतली, पण घशाच्या कल्चरची तयारी अजून कोणाला ठाऊक नाही. हे मराठी-कोकणीत छापून काउंटरवर लावले तर फोनवर विसरले तरी चालेल.

आणखी एक. चिठ्ठी न बघता अँटिबायोटिक देणाऱ्या फार्मसी आमच्या भागात आहेत. दोन गोळ्या पोटात गेल्यावर घेतलेल्या स्वॅबवर डॉक्टरांनी किती भरवसा ठेवायचा? चवथ आली की अन्न व औषध प्रशासन मिठाईची दुकाने तपासते. तशी एक फेरी या फार्मसींवरही मारावी.

– एक आजी, साखळी